चीनचा टोमॅटो, बांगलादेशचं वांगं आणि आपले गुंठे

बटाट्यात चीन आपल्या मागे आहे. एकूण पिकवण्यात अर्थात चीन पहिला आणि भारत दुसरा. २०२२ साली त्यांचा बटाटा साडेनऊ कोटी टनांच्या आसपास होता आणि आपला साडेपाच कोटींच्या थोडा वर. पण हेक्टरी किती पडला ते काढलं, तर आपला आकडा २५ टनांवर जातो आणि चीनचा १६-१७ वर थांबतो. एकराच्या हिशेबात आपले १० टन, त्यांचे पावणेसात. हे मी लोकांना सांगते तेव्हा निम्म्यांना खरंच वाटत नाही.

लोक म्हणजे आमच्या रोपवाटिकेत येणारे शेतकरी. सांगली जिल्ह्यात आष्ट्याजवळ आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे, मी आणि माझे दीर मिळून चालवतो. रोपं आणि हिशेब माझ्याकडे, गाडी आणि उधारी त्यांच्याकडे. ट्रे भरून होईपर्यंत माणसं सावलीला बोलत बसतात आणि हल्ली बोलणं मोबाईलवरच्या व्हिडिओवरून सुरू होतं. "वैनी, ह्ये बघा. चीनमधी एकरी शंभर टन टोमॅटो निघतोय म्हणं. आन आपण हितं पस्तीस-चाळीसला पोचलो की पेढं वाटतोय." असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा गावातला चांगला शेतकरी असतो, पण बोलताना त्याचा आवाज पडलेला असतो. ते मला सोसत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

शेजारी देशांचे भाजीपाल्याचे आकडे मी बरीच वर्षं वाचतेय. एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, दरवर्षी ते पिकागणिक आणि देशागणिक देते. ते वाचून माझं एक मत पक्कं झालंय. एका देशाची सरासरी दुसऱ्या देशाच्या सरासरीशेजारी ठेवली, तर शेतकऱ्याच्या उपयोगाचं त्यातून फार थोडं निघतं. हवा कोणती, हंगाम कोणता आणि पिकानं रान किती दिवस अडवलं, हे सारखं धरून तुलना केली की मग शेजाऱ्याकडून शिकण्यासारखं सापडतं, आणि ते भरपूर सापडतं.

बटाट्याचंच बघा. आपला बहुतेक बटाटा उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, बिहार, पंजाब या पट्ट्यातला. गंगेचा नाहीतर सतलजचा गाळ, पाण्याची सोय, हिवाळ्यात दिवसभर स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी. रात्र २० अंशांच्या खाली उतरली की बटाटा पोसायला लागतो, आणि तिथे ती महिनोन्महिने उतरते. वर सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं पंजाबच्या मैदानात, रोग पसरवणारी मावा कीड कमी असते त्या दिवसांत, रोगमुक्त बेणं तयार करायची पद्धत बसवून दिली. आज देशभर जाणारं चांगलं बेणं त्या पद्धतीचं आहे. चीनचा बटाटा उलट गान्सू, इनर मंगोलिया, ग्वेइचौ अशा डोंगराळ आणि पुष्कळदा पावसावरच्या रानांत. सरासरी कमी येणारच.

आता गंमत बघा, पाकिस्तानचा बटाटाही हेक्टरी २५ टनांच्याच घरात आहे. त्यांचा ओकारा-साहिवालचा पट्टा आणि आपला जालंधरचा पट्टा यांच्यात सीमा आहे, पण गाळ तोच आणि थंडी तीच. बांगलादेशचा आकडा २१-२२, तिथे डायमंट, कार्डिनल अशा हॉलंडच्या जाती जास्त. नेपाळचा १७ च्या आसपास, कारण बराचसा बटाटा डोंगरउतारावर.

आणि आपल्या साताऱ्याचा पुसेगाव-खटाव भाग? तिथला बटाटा खरिपाचा. मंचरहून बेणं आणायचं, पावसात लावायचं, करप्याशी झुंजत सप्टेंबर-ऑक्टोबरात काढायचं. थंड रात्री त्याच्या वाट्याला येतच नाहीत. त्या शेतकऱ्याला आग्र्याचा आकडा दाखवून "बघ, तुझं किती कमी" म्हणणं हा अन्याय आहे, दोघे एकाच देशात असले तरी. पुसेगावच्या माणसाचं दुखणं आग्र्यापेक्षा गान्सूच्या डोंगरातल्या माणसाला जास्त कळेल.

टोमॅटोकडे येते, कारण खरा जीव तिथेच अडकलेला असतो. चीन वर्षाला पावणेसात कोटी टनांच्या पुढे टोमॅटो काढतो, आपण दोन कोटींच्या वर. हेक्टरी चीनचे ६० टनांच्या आसपास, आपले २४-२५. हा फरक खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण त्याच्या आत काय काय आहे ते उकलून बघा.

आपल्या २४-२५ टनांत सगळं येतं. तारेवर बांधलेला टोमॅटो येतो आणि जमिनीवर लोळणाराही येतो, ठिबकवरचा येतो आणि पावसावर सोडून दिलेलाही. वाळवा तालुक्यात बेडवर मल्चिंग, ठिबक, बांबू-तार करून लागण करणारा चांगला शेतकरी चांगल्या हंगामात एकरी ३० ते ४० टन काढतो. हेक्टरी धरलं तर ७५ ते १००. म्हणजे चीनच्या सरासरीच्या तो कधीच पुढे गेलाय आणि त्याला ते माहीत नाही.

मग व्हिडिओतले शंभर टन कुठून येतात? शांतुंग प्रांतात शोउग्वांग नावाचा भाग आहे, चीनची भाजीची पेठ म्हणून ओळखला जातो. १९८९ साली तिथल्या सानयुआनझू गावात वांग लेयी या गावच्या पुढाऱ्यानं गावकऱ्यांना घेऊन हिवाळ्यात कोळसा न जाळता भाजी पिकवायची हरितगृहं उभी केली. रचना साधी आहे. उत्तरेला जाडजूड मातीची भिंत, दक्षिणेला उतरतं प्लास्टिक. दिवसा भिंत ऊन पिऊन घेते आणि रात्री ती ऊब आत सोडते. संध्याकाळी प्लास्टिकवर गवताची चटई पसरायची, सकाळी गुंडाळायची. बाहेर पाणी गोठत असताना आत काकडी आणि टोमॅटो लटकलेले. तिथून ही पद्धत सगळ्या उत्तर चीनभर गेली. आजची मोठी हरितगृहं वेगळी असली, तरी पाया हाच.

आता दिवस मोजा. त्या हरितगृहात टोमॅटोचा वेल आठ-दहा महिने उभा असतो. आपला टोमॅटो लागणीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत पाच महिन्यांचा. समजा त्यांचे १०० टन ३०० दिवसांत आणि आपले ३५ टन १५० दिवसांत. दिवसाला एकरी त्यांचे ३३३ किलो, आपले २३३. तिप्पट वाटणारा फरक दीडपटीच्या आत आला. शिवाय आपल्याकडे टोमॅटो निघाला की त्याच बांबू-तारेवर काकडी, दोडका किंवा कारलं चढतं. त्याचं वजन त्या ३५ टनांत कोणी धरत नाही. चीनला थंडीशी लढायचंय, आपल्याला एप्रिल-मेच्या उन्हाशी आणि जुलैच्या करप्याशी. मातीची उबदार भिंत आपल्या काय कामाची? पण रान मोकळं न ठेवता एकच वेल जास्त दिवस जगवायची त्यांची चिकाटी नक्की घेण्यासारखी आहे. वेल जगवायचा म्हणजे मूळ जगवायचं, त्यावर पुढे बोलते.

मापांचं एक सांगून ठेवते, कारण निम्मा घोळ त्यातच होतो. चिनी व्हिडिओत बोलणारा माणूस एकरात बोलत नाही, तो मू मध्ये बोलतो. एक मू म्हणजे आपले साधारण साडेसहा गुंठे, एका एकरात सहा मू. नेपाळी माणूस डोंगरात रोपनी सांगतो, ती पाच गुंठ्यांची. तोच तराईत उतरला की बिघा म्हणतो आणि तो बिघा ६७ गुंठ्यांचा. बांगलादेशातही बिघाच, पण तो जेमतेम १३ गुंठ्यांचा. त्यात त्यांचा मण ४० किलोचा. खाली मराठीत अक्षरं टाकणारे कुठलंही माप सरळ 'एकर' करून मोकळे होतात. आकडा ऐकला की आधी विचारायचं, कितीतला?

सरासरी किती फसवी असते हे बघायला देशाबाहेर जायचीही गरज नाही. एका सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेला मारामार. या दोघांची सरासरी काढून सातारच्या शेतकऱ्यानं काय पेरावं? आमच्या सांगलीत एकाच वाळवा-पलूस-मिरज पट्ट्यात नदीकाठची मळीची, म्हणजे गाळाची, रानं आहेत आणि ऊस पाजून पाजून क्षारपड झालेली, पांढरी पडलेली रानंही आहेत. बांधाच्या अलीकडे वांगं कमरेएवढं वाढतं आणि पलीकडे रोप आठवड्यात पिवळं पडतं. चीन आणि भारत यांच्यात जेवढा फरक, त्याहून मोठा फरक मी एका गटनंबरात पाहिलाय.

कांद्याचं गणित निराळं आहे. एकूण कांद्यात २०२२ साली आपण चीनच्याही वर होतो, तीन कोटी टनांच्या पुढे. हेक्टरी मात्र आपले १६-१७, चीनचे २२ च्या आसपास, पाकिस्तानचे १४, बांगलादेशचे १२-१३. यात आपला शेतकरी कुठे कमी पडतो? बराचसा फरक सूर्याचा आहे. कांद्याचं रोप दिवस किती तासांचा आहे त्यावर गाठ धरतं. आपण १७ अक्षांशावर. आपल्या जाती साडेअकरा-बारा तासांच्या दिवसातच गाठ धरायला लागतात. पुनर्लागणीपासून चार महिन्यांच्या आत पात पडते, खेळ खलास. गान्सू किंवा इनर मंगोलियात वसंतात लावलेला कांदा चौदा तासांचा दिवस येईपर्यंत नुसती पात वाढवत राहतो, आणि एवढी पात असल्यावर गाठही तशीच मोठी. ते बी इथे आणून लावलं तर पात हिरवीगार राहील आणि कांदा बसणारच नाही. लोणंदच्या बाजारात कांदा घालणाऱ्यानं आपल्या गरव्याची, म्हणजे उन्हाळी कांद्याची, तुलना करायची तर ती म्यानमारच्या मध्य भागातल्या किंवा बांगलादेशच्या कांद्याशी करावी, कारण तिथेही दिवस आखूडच. त्या तुलनेत आपण खाली नाही.

बांगलादेशच्या कांद्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण त्याचा धागा थेट आपल्या कांदा साठवायच्या चाळीपर्यंत येतो. पाबना, फरीदपूर, राजबाडी हे त्यांचे कांद्याचे जिल्हे. मुख्य काढणी आपल्या उन्हाळी कांद्याच्या सुमारास, मार्च-एप्रिलात. हवा दमट, चाळी कमी, त्यामुळे बराच माल सडतो आणि सप्टेंबर आला की त्यांना कांदा लागतोच. तो आपल्याकडून जायचा. मग २९ सप्टेंबर २०१९ ला आपली निर्यातबंदी आली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या आणि आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय, असं त्यांनी भर सभेत बोलून दाखवलं. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला परत बंदी, ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला किमान ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्काच्या अटीवर. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला.

गिऱ्हाईक किती वेळा दारातून परत जाईल? बांगलादेशच्या कृषी खात्यानं उन्हाळी-पावसाळी कांद्याची मोहीम हाती घेतली, शेतकऱ्यांना बी वाटलं. त्यात मोठा वाटा होता एन-५३ या जातीचा. हा एन-५३ कुठला? आपल्या निफाडचा, खरिपाचा लाल कांदा. आपल्याच मातीत निवडलेलं बी घेऊन त्यांनी आपल्यावरची गरज कमी करायला घेतली. मला त्यांचा राग नाही, त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं. त्रास याचा होतो की खटाव-फलटणचा शेतकरी कांदा पिकवण्यात कुठेही उणा पडला नाही. हेक्टरी आकडा वाढवायला त्यानं ठिबक घेतलं, गादीवाफे केले, चाळ बांधली, आणि तारखा दिल्लीत ठरल्या. एकरी उत्पादनाच्या कुठल्याही तक्त्यात ही तारीख दिसत नाही, बाजारात हातात पडणाऱ्या विक्रीच्या पट्टीत मात्र ती दिसते.

आता वांगं. माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. कृष्णाकाठची वांगी म्हटलं की पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक अजून वळून बघतं. मळीच्या रानात वाढलेलं वांगं भाजलं की साल कागदासारखं सुटून येतं. पण वांगं लावणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, शेंडे-फळ पोखरणाऱ्या अळीनं त्याला किती नाडलंय. अळी एकदा फळात शिरली की बाहेरून मारलेलं औषध तिला लागत नाही. म्हणून ती शिरायच्या आधीच मारायचं म्हणतात आणि आठवड्याला दोन-दोन फवारण्या होतात. तोड्याच्या दिवशी सकाळी खोकी भरताना बायका फळ हातात फिरवून देठापाशी भोक बघतात. भोक दिसलं की बाजूला. तो बाजूचा ढीग कधी कधी खोक्यांपेक्षा मोठा असतो, आणि सरकारी उत्पादनाच्या आकड्यात तो असतो की नसतो कोण जाणे, बाईच्या मजुरीत मात्र तो असतोच.

हीच अळी बांगलादेशात. हवा दमट, त्यामुळे जास्तच. जेसोर-जमालपूरकडे एक दिवसाआड फवारणी करणारे शेतकरी होते. त्यांचं वांगं हेक्टरी ११-१२ टन, आपलं १७, चीनचं ४५ च्याही वर. नुसता तक्ता वाचला तर बांगलादेशकडून शिकण्यासारखं काहीच नाही असं वाटेल. आणि नेमका तिथेच आपल्या जवळचा धडा आहे. जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीनं बीटी वांगं तयार केलं, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून झाडातच या अळीला मारायची सोय केलेलं वांगं. ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकीय पिकांना मंजुरी देणाऱ्या आपल्या सरकारी समितीनं त्याला हिरवा कंदील दिला, देशभर जनसुनावण्या झाल्या, त्यातली एक नागपुरात, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते स्थगित केलं. तेच तंत्र बांगलादेशच्या कृषी संशोधन संस्थेनं आपल्या स्थानिक जातींत घातलं होतं. तिथे ऑक्टोबर २०१३ मध्ये मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना पहिली रोपं दिली गेली. पुढे आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेनं तिथल्या कृषी खात्याबरोबर शेतकऱ्यांच्या रानात रीतसर पाहणी केली. कीटकनाशकाचा खर्च एक तृतीयांशाहून जास्त घटला आणि विकण्याजोगा माल चाळीस टक्क्यांहून जास्त वाढला. पांढरी माशी, तुडतुडे, कोळी यांना ते बी काही करत नाही, त्यांच्या फवारण्या राहतातच. बियाणं संकरित नसल्यामुळे शेतकरी ते घरी धरू शकतो.

मी कोणाची बाजू घेऊन भांडायला हे लिहीत नाही. बियाण्यावर हक्क कोणाचा, देशी वांग्यात ते मिसळलं तर काय, हे प्रश्न मला खरे वाटतात. वांग्याचं मूळ आपल्याच मुलखात आहे, तेव्हा जपायला हवंच. पण धारवाडच्या कृषी विद्यापीठानं त्या काळी ज्या स्थानिक जातींत हे तंत्र घातलं, त्यात आपली मांजरी गोटा होती आणि कुडची लोकलही होती. कुडची म्हणजे मिरजेतून बेळगावच्या गाडीत बसलं की कृष्णेवरचं गाव! म्हणजे आपल्या ओळखीचं वांगं एकदा तयार झालं होतं, कपाटात गेलं, आणि त्याच अळीशी शेजारी दहा वर्षांहून जास्त काळ रानात काय झालं याचे कागद उघड पडलेत. ते वाचून आपण हो किंवा नाही म्हणावं. न वाचता नको.

मुळाचं म्हणाले होते. चीनमध्ये हरितगृहातली काकडी सर्रास भोपळ्याच्या खुंटावर कलम केलेली असते, म्हणून ती मुळातून येणाऱ्या मर रोगाला पुरून उरते, वेल लांबतो. बांगलादेशच्या संशोधकांनी वांगं आणि टोमॅटो रानवांग्याच्या खुंटावर बांधून पाहिलं. आमच्या रोपवाटिकेत आम्ही तेच करतो. रानवांग्याचं बी उगवायला आणि वाढायला मंद, म्हणून ते आधी टाकायचं. खोड रिफिलएवढं जाड झालं की नव्या ब्लेडनं तिरका काप, वांग्याच्या शेंड्यालाही तसाच तिरका, दोन्ही काप अंगाला अंग लावून बसवायचे आणि वरून क्लिप. क्लिप बसवणाऱ्या पोरीचा हात हलका लागतो. मग आठवडाभर अंधारात, ओल धरून ठेवलेल्या खोलीत. पडदा एकदम उघडला तर संध्याकाळपर्यंत ट्रे माना टाकतो, रोज थोडा थोडा उजेड द्यायचा. रोप साध्या रोपाच्या कितीतरी पट महाग पडतं. पण ज्या रानात मर आहे, मुळांना गाठी आणणारी सूत्रकृमी आहे, पाणी साचतं, तिथे ते टिकतं, आणि साधं वांगं थकतं त्यापुढे तोडे चालू राहतात. चीनच्या आठ-दहा महिन्यांचं जे आपल्याला परवडेल असं आहे ते हे.

श्रीलंकेबद्दल थोडक्यात. मे २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं रासायनिक खतं आणि औषधांची आयात एका फटक्यात बंद केली आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतली. नुवारा एलियाच्या थंड डोंगरात गाजर, लीक, कोबी घेणारे शेतकरी मधल्या मधे चिरडले. मी शेणखताच्या, हिरवळीच्या खताच्या बाजूची आहे, आपल्या क्षारपड रानांना तर त्याचीच गरज आहे, पण जमीन बदलायला हंगाम लागतात, हुकूम काढून ती बदलत नाही.

नेपाळचा टोमॅटो हेक्टरी १८-१९ टन, आपल्याहून कमी. तरी ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की नेपाळहून टोमॅटो मागवतोय. त्या जुलैत इकडे शंभर-दीडशे रुपये किलो झाला होता, आठवत असेल. नेपाळकडे माल होता, कारण काठमांडूभोवती, काभ्रे आणि धादिंगच्या डोंगरात शेतकरी बांबूच्या सांगाड्यावर नुसतं प्लास्टिकचं छप्पर टाकतात, बाजू उघड्या ठेवतात. पान कोरडं राहतं, करपा आटोक्यात राहतो आणि मैदानात टोमॅटो संपला की त्यांचा सुरू असतो. कमी टन, पण योग्य महिन्यात. शिराळ्याकडच्या पावसात हे कोणी करून बघणार असेल तर रोपं मी देते.

पाकिस्तानात २०२२ च्या महापुरानं सिंधचा कांदा, टोमॅटो आणि कुनरीची लाल मिरची धुऊन नेली, आणि त्यांना इराण-अफगाणिस्तानातून कांदा-टोमॅटो आणावा लागला. त्या वर्षीचा त्यांचा आकडा वाचताना मला आपला ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आठवतो. कृष्णेनं मळीची रानं आठवडाभर पाण्याखाली ठेवली तेव्हाचं आपलं वांगं कुठल्या सरासरीत बसवणार?

या सगळ्यातून एक काम मात्र आम्ही सुरू केलंय. ट्रेबरोबर एक छापील कागद देतो. लागणीची तारीख, पहिला तोडा, शेवटचा तोडा, रान किती गुंठे, पट्टीवरचं वजन, बाजूला काढलेला माल अंदाजे किती, फवारण्या किती आणि कशासाठी. पीक संपलं की कागद परत आणून द्यायचा, नाव लिहिलं नाही तरी चालतं, गाव आणि रानाचा प्रकार हवा. टोमॅटोचे कागद बऱ्यापैकी जमलेत, त्यातून दिवसाला एकरी किलोचा हिशेब निघतो. मला आता वांग्याचे हवेत, आणि फवारणीचा रकाना भरलेलेच हवेत. अंकली, डिग्रज, भिलवडी, कुडची या बाजूचं मळीचं रान असेल तर आधी. बाजूला काढलेल्या किडक्या मालाचं वजन कोणीच लिहून ठेवत नाही, आणि बांगलादेशच्या कागदाशी ताडायला नेमका तोच आकडा लागणार आहे.